समोरून नाव आली तर

माझ्या मुलीच्या उजव्या हाताचं मधलं बोट अजून पूर्ण वाकत नाही. भात कालवताना बाकीची बोटं आत जातात आणि ते एकटं ताठ राहतं. मी ताटाकडे बघत बसते. "क्या देख रही हो, मम्मी?" ती विचारते. "काही नाही, जेव," म्हणते मी, आणि उगाच उठून वरणाचं पातेलं आणायला जाते.

हे बोट कसं गेलं ते आमच्या साऱ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. मीच सांगितलं, तेही रंगवून, हातवारे करून. लोक पोट धरून हसले. आज ते आठवलं की स्वतःच्या दोन कानाखाली लावाव्यात असं वाटतं.

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. माहेर भंडाऱ्याचं, सासर भिलाईचं. सासरे तरुणपणी विदर्भातून इथं छत्तीसगडात, पोलादाच्या प्लांटमध्ये आले, आता मिस्टर त्याच प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये आहेत. मी सिविक सेंटरला एका बँकेत काउंटरवर बसते. दिवसभर "लाइन में आइए, भैया" करून करून तोंड आंबतं. मग संध्याकाळी स्मृति नगरला घरी आलं, चपला काढल्या, की मला मराठीच पाहिजे. घरात हिंदी बंद, हा माझा कायदा. मिस्टर बिचारे पाळायचे. मुलगी अर्धा पाळायची, अर्धा विसरायची, आणि विसरली की मी तिथल्या तिथे तिला टोकायची. वाक्य पूर्ण होऊ द्यायची नाही. "मले नींद येऊन राहिली" म्हटलं की "झोप म्हण, झोप!" झोपायला निघालेली पोर, तिला दारातून परत बोलावून झोप म्हणायला लावलं आहे मी.

कारणही होतं. माझ्या बहिणीच्या घरी एक लग्न होतं, भंडाऱ्याला. तिथं पोरीनं एका म्हाताऱ्या मामीला विचारलं, "तुमची तबियत कशी आहे?" झालं! सगळ्या बायका हसल्या. बहीण म्हणाली, "अवं, ही तर पक्की भिलाईवाली झाली. आता हिच्या पोरांशी आपण इशाऱ्यानंच बोलू." ती थट्टेनं बोलली, पण मला ते आतपर्यंत लागलं. मला खरंच भीती वाटली. आज शब्द चालले, उद्या ही पोरगी शाळेतलं, मनातलं सगळं बाहेरच्या भाषेत बोलेल आणि मी नुसती तिची भाकरी भाजत राहीन. माझी पोरगी माझ्याशी बोलायची बंद होईल, या एका भीतीपायी मी तिच्या बोलण्यावर पहारा बसवला. यात काही उलटं होतंय हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या हिवाळ्यात मिस्टरांना नावेचं वेड लागलं. प्लांटमधले दोघंतिघं मित्र सुट्टीच्या दिवशी दुर्गच्या पुढं एका धरणावर जायचे. तिथं पायडल मारायच्या नावा भाड्यानं मिळतात, वल्ह्याच्या मिळतात, आणि एक मोटरची नाव पर्यटकांना फिरवून आणते. बाकीचे लोक भजी खायला जायचे. आमचे मिस्टर मात्र फोनवर व्हिडिओ पाहून पाहून पाण्यावरच्या रहदारीचे नियम पाठ करू लागले. प्लांटमध्ये पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून सुरक्षेच्या गोष्टी सांगतात, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. हा माणूस घरी गॅसचं सिलिंडर बदलतानासुद्धा टूलबॉक्स टॉक देतो. मग धरण कसं सुटणार?

मुलगी दहावीला होती. प्री-बोर्ड तोंडावर होती, म्हणून मी नको म्हणत होते. "एक दिवस डोकं मोकळं होईल तिचं," मिस्टर म्हणाले. शेवटी डबे बांधले आणि निघालो.

काठावर लाइफ जॅकेट घालून झाल्यावर यांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. आणि सुरू झाले, हिंदीत. प्लांटमध्ये सगळे नियम हिंदीत सांगायची सवय, म्हणून नियम म्हटलं की तोंडातून हिंदीच निघते. "सामने से नाव आए तो दोनों अपने-अपने दाएँ मुड़ेंगे. दाहिनी तरफ से कोई आड़ी आई तो रास्ता उसका..."

"मराठीत सांगा," मी म्हटलं.

"अवं, नावेत एकच भाषा पायजे. तिले हिंदीत पटकन समजते."

"माझ्या पोरीले मराठी समजते. तुमीच तिले बिघडवून राहिले. मराठीत सांगा, नाही तर मी नावेत पाय ठेवत नाही."

मागं त्यांचे मित्र उभे होते. यांनी माझ्याकडे पाहिलं, मित्रांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. समोरून नाव आली तर दोघांनीही आपापल्या उजवीकडं वळायचं. उजव्या बाजूनं कोणी आडवं आलं तर वाट त्याची, आपण थांबायचं. मागून पुढं जायचं असेल तर सांभाळायची जबाबदारी जाणाऱ्याची. वल्ह्याच्या नावेला मोटरवाल्यानं वाट द्यायची. आणि वळायचं तर आधीच वळायचं, चांगलं ठळक, समोरच्याला दिसेल असं. आपला हक्क आहे म्हणून नाक वर करून धडकायचं नाही.

"बेटा, समोरून आली तर?" त्यांनी विचारलं.

"राइट," ती म्हणाली.

"राइट नाही, उजवीकडं म्हण," मी.

"हाव, उजवीकडं."

"आणि रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, मंग पाण्यात उलटं कावून?" मी यांना विचारलं. ते काहीतरी सांगू लागले, जगभर पाण्यावर असंच आहे वगैरे, पण माझ्या जॅकेटचा पट्टा बसत नव्हता, मी त्यातच गुंतले. नियम मी ऐकले का? ऐकले. कानानं ऐकले. माझं सगळं लक्ष ते कोणत्या भाषेत सांगितले जातात यावर होतं.

एका नावेत आम्ही मायलेकी, मागं दुसऱ्या नावेत मिस्टर आणि त्यांचे मित्र. मुलगी डावीकडच्या जागेवर, मी उजवीकडच्या. मधे दांडा, त्यानं नाव वळते. दांडा तिच्या हातात होता. पाणी शांत होतं, ऊन कोवळं होतं, आणि खरं सांगू, किती तरी दिवसांनी आम्ही दोघी भांडणाशिवाय बोलत होतो. ती मला तिच्या मैत्रिणीची काहीतरी गंमत सांगत होती. मधे "मजाक" म्हणाली. मी सोडून दिलं. एवढं एक पुण्य माझ्या खात्यावर आहे.

तेवढ्यात समोरून दोन कॉलेजची पोरं आली, आमच्यासारख्याच नावेत, जोरजोरात पायडल मारत. सरळ आमच्यावर येत होती. अंतर चांगलं होतं, घाबरायचं काही कारण नव्हतं. पण मी रोज स्कूटीवर सिविक सेंटरला जाणारी बाई. समोरून गाडी अंगावर आली की माझा जीव डावीकडेच धाव घेतो. मी ओरडले, "डावीकडं घे! अवं, डावीकडं!"

तिनं दांडा फिरवला आणि नाव उजवीकडे वळू लागली.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. हिनं डावा ऐकलं आणि हिंदीतलं दायाँ, म्हणजे उजवं, समजली. घरातलं सगळं शिकवणं पाण्यात गेलं! "डावा म्हणजे दाएँ नाही, मूर्खे! एवढंही कळत नाही तुले?" असं किंचाळत मी तिच्या हातातून दांडा हिसकला आणि सगळा जोर लावून उलटा ओढला. ती पोरं नियमाप्रमाणे त्यांच्या उजवीकडे, म्हणजे आमच्या डावीकडे वळलेली होती. आमची नाव गर्रकन त्यांच्या पुढ्यात गेली. मुलीनं धडक अडवायला दोन्ही हात पुढं केले. फायबरवर फायबर घासल्याचा एक आवाज झाला, आणि मग तिचा.

अगं माय! तो आवाज नको आठवायला.

काठावर आलो तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं बघवत नव्हती. यांनी रुमालात हात गुंडाळला आणि गाडी काढली. मी मागच्या सीटवर तिला कवटाळून बसले आणि हमसून हमसून रडत होते. ती रडत नव्हती. दात आवळून बाहेर बघत होती. थोडं पुढं गेल्यावर मिस्टर आरशात बघून हळूच म्हणाले, "मी मागून पाहून राहिलो होतो. नाव पहिले बरोबर वळली होती. मंग एकदम उलटी कशी गेली?"

मी हुंदके देत देत सांगितलं, "मी डावा म्हटलं, हिले दायाँ ऐकू आलं. मले वाटलं ही चुकून राहिली, म्हणून मी दांडा ओढला. शब्दाचा घोटाळा झाला, बाकी काही नाही."

"पण तिनं घेतलं ते बरोबर होतं ना."

"चुकून बरोबर झालं," मी म्हटलं.

आणि ते बोलल्याबरोबर मला थोडं बरं वाटलं. माझी चूक नाही, तिचीही नाही. दोन भाषांनी मिळून आमची मान कापली. मी डोळे पुसले. मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे मान वळवली.

मधल्या बोटाचं हाड सांध्याजवळ मोडलं होतं, शेजारचं तडकलं होतं. प्लास्टर झालं. प्री-बोर्ड तशीच गेली. बोर्डाला लेखनिक घ्यायचा का, शाळेनं विचारलं. ती म्हणाली, नको, मी लिहीन. प्लास्टर निघाल्यावर मी रोज कोमट पाण्यात तिचा हात धरून बोटं हलवायची, एक एक सांधा. तिला दुखायचं, ती ओठ चावायची. मी विचारायची, "दुखून राहिलं का?" ती म्हणायची, "नहीं." मी काही टोकलं नाही. त्या दिवसांत हिंदीबंदीचा कायदा मीच उठवला. कोणत्या तोंडानं लावणार होते?

बोर्डाच्या पेपरला ती हळूहळू लिहायची आणि वेळ संपायचा. घरी येऊन म्हणायची, आखरी वाला रह गया. विज्ञानाच्या पेपरातल्या आकृत्या तिनं काढल्याच नाहीत, आणि आकृत्यांसाठी शाळेत तिची वही फिरायची. निकाल वाईट नव्हता, पण तिचा नव्हता. आम्ही पेढे वाटले. मी वाटता वाटता न्हाणीघरात जाऊन रडून आले.

आणि तरी, तोच किस्सा मी सांगत होते. रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायका हाताचं विचारायच्या. पहिल्यांदा खाली मान घालून सांगितलं, तर एकीला हसू फुटलं. "म्हणजे पोरीची चूक झाली तेच बरोबर होतं, आणि तू दुरुस्त केलं ते चुकलं!" सगळ्या हसल्या, मीही हसले. हसण्यात अपराध हलका होतो, हे मला तेव्हा कळलं. मग मी तो किस्सा सुधारत नेला. "मी म्हणतो डावा, ही घेते दायाँ!" असं म्हणून दोन्ही हातांनी दांडा फिरवून दाखवायची. बँकेत सांगितला. बहिणीला फोनवर सांगितला, ती इतकी हसली की फोन तिच्या नवऱ्याकडे द्यावा लागला. मुलगी बहुतेक वेळा तिथंच असायची. तीही हसायची थोडी. हिला काही वाईट वाटत नाही, असं मी धरून चालले.

आणि ती घरात मराठी बोलायची जवळजवळ बंद झाली. विचारलं तेवढं उत्तर, तेही हिंदीत. मला वाटलं, हाताचा राग आहे, जाईल. आपणच दिलेलं दुखणं आहे, सोसू.

सुट्टीत तिनं स्कूटी शिकायची म्हटलं. लायसनला अवकाश होता, म्हणून घराजवळच्या मोकळ्या मैदानात तिला घेऊन गेले. खरं तर मला ब्रेक बघायचा होता. त्या बोटानं ब्रेक धरता येतो का? ती पुढं, मी मागं. ते बोट दांडीवर वाकत नव्हतं, बाजूला राहत होतं, पण बाकीच्या बोटांनी तिनं पकड बसवली होती. माझा जीव भांड्यात पडला. आम्ही हळूहळू चकरा मारू लागलो. मैदानाच्या कोपऱ्यात गाई बसल्या होत्या. मी म्हटलं, "डावीकडं घे."

तिनं डावीकडे घेतलं. न अडखळता, न विचारता.

पुढं मुद्दाम म्हटलं, "आता उजवीकडं." तिनं उजवीकडे घेतलं. मला गंमत वाटली. तिच्या पाठीवर चापट मारून मी म्हटलं, "वा बाप्पा! आता बरं डावं-उजवं कळायले लागलं माझ्या पोरीले!"

तिनं गाडी थांबवली. पाय टेकवले. मागं वळून बघितलं नाही.

"मम्मी, मले डावा पहिलेपासून कळते."

"मंग त्या दिवशी?"

"त्या दिवशीही कळला होता. पप्पानं सांगितलं होतं ना, समोरून नाव आली तर उजवीकडं. तू डावीकडं म्हणून राहिली होती. ते चूक होतं. म्हणून मी उजवीकडं घेतलं."

मला एवढंच विचारता आलं, "मंग तू बोलली कावून नाही? इतके दिवस?"

ब्रेकच्या बाजूला ताठ राहिलेलं ते बोट मला तिच्या खांद्यावरून दिसत होतं.

"गाडीत तू किती रडून राहिली होती. तुझं रडणं थांबतच नव्हतं. मंग तू म्हटलं का शब्दाचा घोटाळा झाला, आणि तू डोळे पुसले. मले वाटलं, राहू दे. मी खरं सांगितलं असतं तर तू पुन्हा रडली असती."

एकही हिंदी शब्द नव्हता. इतकं सरळ, इतकं लांब मराठी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. याचसाठी मी वर्षानुवर्षं जीव काढला होता, आणि ते ऐकून मला गाडीवरून उतरून मातीत बसावंसं वाटलं. मी तिला मूर्ख म्हटलं होतं. भरपाण्यात, परक्या पोरांसमोर. ती बापाचं ऐकत होती, नियम पाळत होती, आईच्या किंचाळण्यालाही बधली नव्हती. आणि मी तिच्या त्या शहाणपणाचा किस्सा करून गावभर वाटला होता.

"माझं चुकलं गं," मी म्हटलं. "लय चुकलं."

"ठीक आहे ना, मम्मी. चल आता, उशीर होऊन राहिला."

घरी आल्या आल्या मिस्टरांना सांगितलं. ते उठून मुलीच्या खोलीत गेले आणि बराच वेळ तिथं बसले. विहारातल्या बायकांना सांगितलं, तर एक म्हणाली, "जाऊ दे वं, पोरं मागून काहीही म्हणतात." मला तिचा असा संताप आला की मी तिथून उठून आले. मग बहिणीला फोन लावला. तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, की पोरीला शब्द कळला होता, ती बरोबर होती, मी एकटी चुकले. बहीण हसतच होती.

"अवं, तू कायले मनाले लावून घेतं? तुले वाईट वाटू नये म्हणून सांगून राहिली असंल ती. दे तिले फोन, मीच विचारतो."

मी फोन मुलीपुढं धरला. हळू आवाजात म्हटलं, "सांग तिले खरं. मी इथंच आहे, मी रडत नाही."

पण माझे डोळे भरलेच होते. तिनं ते पाहिलं. तिनं फोन घेतला, कानाला लावला, आणि माझ्याकडे बघत बघत हसून म्हणाली, "हाव मावशी, मलेच डावा समजला नव्हता."